पाटावरती कोन गो बसली

१

माझ्याशी पाच मिनिटं बोललेला माणूस जाईबाईंचं नाव ऐकल्याशिवाय सुटत नाही, असं दिपेश म्हणतो. दिपेश माझा नवरा. चोवीस वर्षं तो हे ऐकतोय, तेव्हा त्याला बोलायचा अधिकार आहे. आमचा दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, शाळेच्या ऑफिसात दाखला मागायला आलेले पालक, मी कोणालाच सोडलेलं नाही. एकदा मोबाइल कंपनीतून फोन करणाऱ्या मुलीला मी दोन कडवी ऐकवली. त्या कंपनीचा पुन्हा फोन आला नाही.

कॅसेटचं नाव 'हळदीचं बोलावणं'. त्र्याण्णव साली ठाण्याला जांभळी नाक्यावर एका हातगाडीवरून मी आणि माझ्या बहिणीने घेतली. आम्ही कोलशेतचे कोळी. आमच्याकडे लग्नाचे विधी चालले की धवलारीण धवला गाते. हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक कामाचं तिचं गाणं असतं, आणि गाण्यात ती माणसांना नावं घेऊन बोलावते. देवांना, नातेवाइकांना, गेलेल्या वाडवडिलांनासुद्धा. जाईबाई त्यातल्या शेवटच्या मोठ्या. त्यांचा आवाज गोड नाही, हे मी आधीच सांगते. सुक्या बोंबलासारखा आहे. लांबून नको वाटतो, आणि एकदा भाजायला घेतला की सगळ्या आळीला कळतं कोणाकडे भाजतायत. पण ओळ संपताना त्या सूर असा अलगद खाली ठेवतात, भरलेली कळशी ठेवावी तसा, की पाण्याचा थेंब सांडत नाही.

आणि त्यांची ती रिकामी जागा. धवल्यात नवरीचं नाव लागतं. कॅसेटवाला म्हणाला, नाव घातलंत तर एकाच घरी खपेल. म्हणून जाईबाई विचारतात, "पाटावरती कोन गो बसली?" आणि चार ठेके गप्प राहतात. नुसती ढोलकी वाजते. मग त्या पुढे जातात, "बसली गो बसली." ज्याच्या घरी कॅसेट वाजेल त्याने त्या चार ठेक्यांत आपल्या नवरीचं नाव घालायचं. एवढी साधी आणि एवढी हुशार युक्ती मी दुसऱ्या कुठल्या कॅसेटमध्ये पाहिली नाही.

आमच्या घरी लग्न नव्हतं, तरी त्या जागेवरून रोज भांडण व्हायचं. माझी बहीण रतन दोन वर्षांनी मोठी, पण ताई म्हटलेलं तिला खपायचं नाही. मी 'रतन' घालणार, तर ती माझ्या आधी 'वर्षू' घालून मोकळी व्हायची. नेहमी तीच जिंकायची, कारण जागा यायच्या आधीच ती श्वास भरून ठेवायची. तोंडाने, थोडा घाईघाईत, शेवटी नाकात हसू अडकल्यासारखा. तो श्वास मला ऐकू यायचा, कळायचं की आता ही म्हणणार, आणि तरी मी हरायचे.

शहाण्णव साली रतनचं लग्न ठरलं. तीन आठवडे राहिले होते तेव्हा तिला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. चुडा भरायचा राहिला. माझ्या लग्नात मी धवला गाऊ दिला नाही. रजिस्टर केलं, आणि डोंबिवलीला राहायला आले.

२

गेल्या पावसाळ्यानंतर माझा टेपरेकॉर्डर कायमचा बसला. आमच्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर, प्रणित, आंबिवलीला राहतात आणि जुन्या कॅसेटी मोबाइलवर उतरवून देण्याचा त्यांना छंद आहे. मी कॅसेट त्यांच्या हातात ठेवली तेव्हा दिपेश म्हणाला, "अगं, मुलाला पहिल्यांदा हॉस्टेलवर सोडताना तू इतकी रडली नव्हतीस."

तिसऱ्या दिवशी गाणं मोबाइलवर आलं. माझा सकाळचा क्रम ठरलेला आहे. पावणेसहाला उठायचं, फ्रिजवर मोबाइल ठेवायचा, जाईबाई सुरू करायच्या आणि दोन डबे भरायचे. पहिल्या सकाळी आवाज इतका स्वच्छ आला की मी पीठ मळायची थांबले. ढोलकीवरचं बोट कळत होतं. मागे साथ करणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला सर्दी झाली होती, हे मला एकतीस वर्षांनी समजलं.

"हलद दलली, पानी भरला, या गो सयांनो या. पाटावरती कोन गो बसली?"

मग चार ठेके. आणि चौथ्या ठेक्याच्या आधी कोणीतरी श्वास घेतला.

सर्दीवाली, मी म्हटलं. पुन्हा लावून ऐकलं. तोंडाने घेतलेला, थोडा घाईचा श्वास होता आणि शेवटी नाकात काहीतरी अडकलं होतं. दिपेशचा डबा त्या दिवशी अळणी गेला.

३

प्रणित सर शास्त्रीय माणूस आहेत, आणि मलाही भुताखेतांचं वेड नाही. मी घरी सत्यनारायणसुद्धा दिपेशच्या आईसाठी करते.

"मॅडम, सिंपल आहे," ते म्हणाले. "टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली ना, की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. पुढे बाई गायला श्वास घेते, त्याचीच सावली अगोदर ऐकू येते."

मला ते पटलं. इतकं पटलं की मी स्टाफरूममध्ये चारजणांना समजावून सांगितलं आणि गाणंही ऐकवलं. चौघांनी कान लावले.

"कुठे श्वास?" गणिताच्या बाई म्हणाल्या. "ढोलकी आहे नुसती."

त्यांचे कान तसे बेताचेच आहेत. पण प्रणित सरांनीही आपल्या कॉम्प्युटरवरची प्रत उघडली, आवाजाची रेघ मोठी करून बघितली, आणि मान खाजवत म्हणाले, "माझ्याकडच्या प्रतीत खरंच काही नाहीये. तुमच्या मोबाइलचा प्रॉब्लेम असेल."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. वाटलं, हा श्वास फक्त माझा आहे.

४

आमच्या स्वयंपाकघरात एक लाकडी पाट आहे, आईने दिलेला. त्यावर कोणी बसत नाही, आम्ही टेबलावर जेवतो. तो भिंतीला उभा टेकवलेला असतो.

एके सकाळी तो जमिनीवर आडवा मांडलेला होता. पडलेला नव्हता, मांडलेला होता, ओट्याकडे तोंड करून. मी उचलून ठेवला. दुसऱ्या सकाळीही तसाच. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या गंगुबाईला मी विचारलं, तर ती रागावली. "ताई, मी लादी पुसायला पाट उचलते. मांडून कोनाला जेवायला बसवू?"

मग मी तो उचलायचं बंद केलं. तसा त्याचा त्रास काही नव्हता.

श्वास आता प्रत्येक कडव्यात होता. पहिल्या जागेपासून पाचव्या जागेपर्यंत, दर वेळी थोडा अलीकडे सरकलेला. कधीकधी तो मोबाइलमधून येतो की खालून, पाटाच्या उंचीवरून, हे कळायचं नाही. मी पोळ्या लाटायचे आणि मागे वळायचे नाही. हळू आवाजात बोलायचे. काय बोलणार? आज मीठ जास्त झालं, मुलाचा फोन नाही, कोलशेतला खाडीकडे आता टॉवरच टॉवर झालेत, तुला ओळखू येणार नाही. अठ्ठावीस वर्षांचं किती साठलेलं असतं. रोज सकाळी पाऊण तास मला इतकं सुख व्हायचं की दिवसभर ऑफिसात मी घड्याळाकडे बघायचे.

दिपेशने एकदा दारात उभं राहून विचारलं, "कोणाशी बोलतेयस गं?"

"जाईबाईंशी," मी म्हटलं.

तो हसला. मग म्हणाला, "हळद सांडलीय का? वास येतोय. ओल्या हळदीचा."

५

जाईबाई हयात आहेत हे मला कोलशेतच्या मामेभावाने, सुदेशने, सांगितलं. इतकी वर्षं मी त्यांच्या आवाजावर जगले आणि तो चाळीस मिनिटांच्या रिक्षावर, कोलशेतच्या शेजारच्या कोळीवाड्यात होता. मला लाज वाटली. रविवारी सकाळी मी गेले.

नव्वदीच्या घरात असतील. ओटीवर सुपात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. मी पाया पडले आणि सुरू झाले. कॅसेट कधी घेतली, कुठली ओळ कशी ठेवता, ती कळशी, सगळं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"कोनाची गो तू?"

मी सांगितलं.

"दाजी पाटलाची? तुमच्या घरानची मोठी पोर गेली ती."

"हो. रतन."

त्यांचे हात थांबले. "बोलावनी वाजवतेस ना? मंग पाठवनी पन वाजवतेस ना? दुसरे बाजूची?"

आणि मला जे सांगायचं नव्हतं ते मी सांगितलं. कॅसेटच्या पहिल्या बाजूला बोलावणी आहे, दुसऱ्या बाजूला पाठवणी. लग्न उरकलं की बोलावलेल्या सगळ्यांना नावं घेऊन परत वाटेला लावायचं, ते गाणं. चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात आम्हा बहिणींना आपला आवाज कॅसेटवर घ्यायची हौस आली. कोरी कॅसेट नव्हती. मी म्हटलं, दुसरी बाजू कोण ऐकतं, रडकी गाणी आहेत. कॅसेटच्या कडेला दोन भोकं असतात, त्यावर चिकटपट्टी लावली की वर आवाज भरता येतो. पट्टी मी लावली, लाल बटण मी दाबलं. रतन पाऊण तास गायली. नंतर लावून बघितलं तर माइक बिघडलेला. तिचा आवाज आला नाही, आणि जाईबाईंचा होता तो गेला. दुसऱ्या बाजूला आता नुसती खरखर आहे.

"म्हंजे बोलावतेस रोज," जाईबाई म्हणाल्या, "आनि वाटेला कदीच लावत नाय."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती त्रास देत नाही हो," मी म्हटलं.

"ती कशाला त्रास देल? तुजी बहीन ती. पन पोरी, लग्नान बोलावलेली बाय पाटावर बसून बसून कंटालते. मंग ती नवरीची वाट बघते, आनि नवरी नाय मिलाली तं बोलावनारीचाच नाव घेते." त्यांनी सूप बाजूला केलं. "तुजा मोबाइल काड. मी गातंय. आवाज नाय राहिला, पन नावं घालाची जागा ठेवतंय. तू रतनचा नाव घाल. पाच वेला. आदी तिला ताट मांड, जेवाला वार. एक पन जागा रिकामी ठेवू नको. तू नाय घातलास तं दुसरा कोनी घालील. आनि तुजा नाव आयला, तं ओ देऊ नको."

मग त्या सुपावर बोटांनी ठेका धरून गायल्या. तो दुसऱ्या बाजूचा आवाज मी जन्मात नीट ऐकला नव्हता. ओटीवर, ऊन पायांवर घेऊन, मी एकटी ऐकत होते. चाहत्याला याहून जास्त काय मिळतं, पण मला पळून जावंसं वाटत होतं.

६

पाठवणीचं ते गाणं मी अकरा दिवस लावलं नाही.

कारण सांगते. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी मी तांदळाचं स्टीलचं पिंप पुसत होते. जाईबाई विचारत होत्या, पाटावरती कोन गो बसली. पिंपाच्या चकचकीत पोटात माझं स्वयंपाकघर वाकडं दिसत होतं, खिडकी, ओटा, मी. माझ्या मागे, खाली, पाटावर पाठमोरं काहीतरी होतं. एक वेणी. शेपटा जमिनीवर टेकला होता आणि टोकाला काळा गोंडा. आई आमच्या दोघींच्या वेण्या घालायची आणि रतनचा गोंडा नेहमी सुटायचा. तो सुटलेला होता.

मी वळले नाही. वळले असते आणि पाट रिकामा असता, तर ते मला सहन झालं नसतं. आणि रिकामा नसता तर काय, हा विचार मी केला नाही.

अशी गोष्ट बघितल्यावर कोण पाठवणी लावेल?

अकराव्या दिवशी आम्हा दोघांना सुट्टी होती. दिपेशने पाणी प्यायला येऊन मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाला, "हे काय, तुझं नाव घेतेय ना ती?"

"कोण?"

"तुझी जाईबाई. ते मोकळं असतं ना, तिथे. आत्ता म्हणाली, 'व'. पूर्ण नाही म्हणाली. व म्हणून थांबली." त्याच्या हातातलं भांडं तसंच होतं. चोवीस वर्षांत त्याने हे गाणं कधी कान देऊन ऐकलं नव्हतं, आणि आता त्याचा चेहरा उतरला होता. "वर्षाली, तू काहीतरी लपवतेयस. मला कळत नाही काय ते, पण ते बंद कर. प्लीज."

मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही, म्हणाला, "मग त्या म्हाताऱ्या बाई सांगतात तसं कर. मी थांबू का घरी?"

"नको," मी म्हटलं. "तू ठाण्याला जाऊन ये. तुझ्यासमोर मला जमणार नाही."

७

मी कोळंबीचं कालवण केलं, आंबट, रतनला लागायचं तसं. तांदळाच्या भाकऱ्या केल्या. पाटासमोर ताट वाढलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला. अकरा वाजले होते. खाली गार्डनमध्ये कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता, समोरच्या बिल्डिंगमध्ये ड्रिलचं काम चाललं होतं. तव्यावर माझी भाकरी होती, गॅस बारीक केला आणि मोबाइलचं बटण दाबलं.

"हलद उतरली, दिवा मालवला, जा गो सयांनो जा. उंबरा सोडून कोन गो चालली?"

"रतन," मी म्हटलं. इतक्या हळू की मलाच ऐकू आलं नाही.

"चालली गो चालली."

दुसऱ्या जागेला मी मोठ्याने म्हटलं. पाट हलल्याचा आवाज आला, लाकूड लादीवर सरकतं तसा. मी ओट्याकडेच बघत होते. तिसऱ्या जागेला म्हटलं तेव्हा हळदीचा वास माझ्या बाजूने निघून हॉलकडे गेला. चौथ्या जागेला मी रडत होते, तरी म्हटलं. दाराजवळच्या चपलांच्या स्टँडला कोणाचा तरी धक्का लागला.

मला कळत होतं की हे बरोबर चाललंय. इतकं बरोबर मी आयुष्यात काही केलं नव्हतं. आता एक जागा राहिली होती, एकदा नाव घेतलं की झालं. संध्याकाळी दिपेश येईल, पाट भिंतीला उभा असेल, आणि मी उद्यापासून पावणेसहाला उठून दोन डबे भरीन. श्वास नसेल. ती चार ठेक्यांची जागा पुन्हा खरोखर रिकामी होईल, आणि मग मरेपर्यंत मी ती तशीच ऐकत राहीन.

पहिल्या वेळी तिला पाठवलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आता तर मीच पाठवत होते.

"उंबरा सोडून," जाईबाई म्हणाल्या, थकलेल्या, कापऱ्या आवाजात, "कोन गो चालली?"

पहिला ठेका गेला. मी तोंड उघडलं. दुसरा गेला. गोंडा सुटलाय, तो बांधायचा राहिला, एवढंच डोक्यात होतं. तिसरा गेला. मी तोंड मिटलं.

तेवढ्यात दाराजवळून तो श्वास आला. तोंडाने, घाईघाईत, आणि शेवटी नाकात हसू. मला कळलं, आता ही म्हणणार. आणि नेहमीसारखी मी हरले.

"वर्षू."

"चालली गो चालली," जाईबाई म्हणाल्या, आणि सूर अलगद खाली ठेवला. गाणं संपलं.

ड्रिल थांबलं होतं. कुत्राही थांबला होता. ओ द्यायची नाही, एवढंच मला करायचं होतं. दात आवळून उभी राहिले असते तरी पुरलं असतं. दिपेश यायला सहा तास होते आणि भाकरी जळायला लागली होती.

पण आई मला वर्षे म्हणायची, मुलगा मम्मी म्हणतो, दिपेश वर्षाली म्हणतो, शाळेत सगळे मॅडम म्हणतात. वर्षू म्हणणारं एकच माणूस होतं, आणि अठ्ठावीस वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती.

मी गॅस बंद केला. पदराला हात पुसले.

"ओ," मी म्हटलं. "आले गं."